थंडीचं औषध

शिरोली नाक्याजवळच्या पंपावर जोतीराम चौगुले पोचले, तेव्हा पुढच्या चाकाखालचं लिंबू चिरडून झालं होतं. नारळाचं पाणी काँक्रीटवरून ओघळत होतं आणि गुळाच्या ढेपांनी भरलेला त्यांच्या मुलाचा, सम्राटचा बारा चाकी ट्रक हायवेच्या तोंडाशी लागला होता. जोतीरामांच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत औषधाच्या दोन निळ्या बाटल्या. कळंब्याहून येणारी केएमटीची बस वीस मिनिटं उशिरा आली, एवढंच झालं होतं.

ट्रक आणि त्यांच्यात फार तर पंधरा पावलं अंतर होतं. एक हाक मारली असती तर पोराला ऐकू गेली असती. पण त्यांनी हाक मारली नाही.

तेहतीस वर्षं त्यांनी स्वतः गाडी चालवली होती, आणि एकदा चाक हललं की त्यांना कुणी मागून हाक मारली नव्हती. एकदा तर त्यांची बायको शालूबाई जेवणाचा डबा हातात धरून दारात तशीच उभी राहिली. डबा राहिल्याचं त्यांना साताऱ्यात कळलं. खेप करून आल्यावर ते चिडले, "हाक मारायला तोंड न्हवतं व्हय तुला?"

"येक येळ उपाशी ऱ्हायलासा, त्यानं काय झालं?" शालूबाई म्हणाली होती. "जाणाऱ्याला मागनं हाक मारून काय इपरीत झालं म्हंजे?"

गुडघ्यामुळे धावणं जमत नव्हतं. त्यांनी नुसता हात वर केला. ट्रकचे मागचे लाल दिवे एकदम लागले. जोतीरामांनी पिशवी छातीशी धरली. मग दिवे विझले आणि गाडी उजवीकडे वळून पुण्याच्या बाजूला निघून गेली.

"काय पावणं, गाडी चुकली?" पंपावरच्या माणसानं विचारलं.

"माझी न्हवं," जोतीराम म्हणाले आणि परतीच्या बसच्या थांब्याकडे चालू लागले.

सम्राटची ही काश्मीरची पहिलीच खेप. आजवर तो गुजरातला गूळ घेऊन जायचा, फार तर चेन्नईपर्यंत. ही बातमी जोतीरामांना सुनेकडून कळली होती. प्रियदर्शनी आठ-पंधरा दिवसांतून एकदा फोन करायची, सम्राट कामावर असताना. ती आणि सम्राट उचगावला राहत. सम्राट वडिलांशी बोलत नव्हता. भांडण असं रोज चालू नव्हतं. भांडण एकदाच झालं होतं, अकरा वर्षांपूर्वी, आणि तेही एका वाक्याचं.

त्या वर्षी जोतीराम सफरचंदं आणायला काश्मीरला गेले होते. पंजाबातच दोन्ही टाक्या साध्या डिझेलनं काठोकाठ भरून घेतल्या. घाट चढून काझीगुंडला पोचले, तर पुढं बर्फ पडून रस्ता बंद. रात्रभर गाडी उभी राहिली आणि सकाळी सुरू होईना. टाकीचं झाकण काढून पाहिलं तर डिझेल तुपासारखं थिजलेलं. तिथल्या दुकानातून औषध आणून त्यांनी टाकीत ओतलं, पण ते थिजलेल्या डिझेलवर तसंच तरंगत राहिलं. औषध आधी घालायचं असतं, हे त्यांना त्या दुकानदारानं नंतर सांगितलं. चार दिवस ते तिथं अडकले. फोन लागत नव्हता. त्याच चार दिवसांत शालूबाईला छातीत कळ येऊन दवाखान्यात नेलं आणि ती गेली. अग्नी वीस वर्षांच्या सम्राटनं दिला. रक्षाविसर्जनही त्यानंच केलं.

जोतीराम आठव्या दिवशी घरी पोचले. दारात माणसं बसली होती. ते म्हणाले, "डिझेल गोठलं हुतं."

सम्राटनं मान वर केली. "डिझेल गोठलं? आबा, आपल्याकडं कुणाचं डिझेल कधी गोठलंय व्हय? आज तरी खरं बोला की."

जोतीरामांनी दोघा-तिघांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यातले एक त्यांच्याबरोबरचेच ड्रायव्हर होते, पण त्यांची धाव बेळगाव-मुंबईची. त्यांनीही मान खाली घातली. कोल्हापुरात थंडी म्हणजे अंगावर एक स्वेटर आणि सकाळी वाफाळता चहा. इथल्या माणसाला डिझेल गोठतं हे कसं पटावं? जोतीराम कुठल्या तरी ढाब्यावर पिऊन पडला होता, हेच मग भावकीत बोललं गेलं. जोतीरामांनी पुन्हा तो विषय काढला नाही. खरं सांगून कुणी ऐकत नसलं की माणूस हळूहळू बोलायचंच सोडतो.

गाडीवर कधी जाणार नाही म्हणणारा सम्राट शेवटी गाडीवरच गेला. लहानपणी बापाच्या मांडीवर बसून शिकलेलं तेवढं एकच काम त्याला मनापासून येत होतं.

बस कळंब्याच्या तलावाशी आली तेव्हा अकरा वाजले होते. दोन खोल्यांच्या घरात जोतीरामांनी पिशवी खिळ्याला अडकवली. शिरोलीच्या स्पेअरपार्टच्या दुकानदारामार्फत त्यांनी या बाटल्या आठ दिवस आधी मुद्दाम मागवल्या होत्या. आता त्या पिशवीतून निळ्या दिसत होत्या आणि पोरगा साताऱ्याच्या वाटेला लागला असेल.

आणि तिथं, एकट्या घरात, त्यांच्या मनात एक विचार आला. थिजू दे की एकदा. कळू दे त्याला.

विचार आला तो बसलाच. दुसऱ्या दिवशीचा अख्खा रविवार त्यांनी तो घेऊन काढला. सम्राट काझीगुंडला सकाळी उठेल, चावी फिरवेल, गाडी नुसती कण्हेल. टाकीत डोकावेल. मग त्याला आठवेल, अकरा वर्षांपूर्वी बाप काय म्हणाला होता ते. जोतीरामांना दुसरं काही करावं लागणार नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायची सवय तर त्यांना होतीच. औषध वेळेत घातलं तर मात्र काहीच होणार नाही. गाडी सुरू होईल, सम्राट गूळ उतरवून, सफरचंदं भरून घरी येईल, आणि बाप खोटं बोलला होता हे जन्मभर तसंच राहील.

सोमवारी सकाळी आंघोळीनंतर त्यांनी डोक्याला लावायला खोबरेल तेलाची बाटली घेतली. तेल थिजलं होतं. बाटली उलटी केली तरी थेंब पडेना. शालूबाई असताना ती बाटली चुलीच्या कडेला ठेवायची. जोतीराम बाटली दोन्ही तळहातांत धरून बसले. काचेतून पांढरा गोळा कडेनं सुटायला बराच वेळ लागला. आपण त्या चार दिवसांत टाकीखाली असंच बसलो होतो, हे त्यांना आठवलं. हात बधिर झाले होते. कुणीतरी टाकीखाली जाळ कर म्हणाला होता आणि त्यांनी काड्यापेटी काढलीही होती. सम्राट चिडका होता. तो काडी ओढायला मागंपुढं पाहणार नाही.

त्यांनी बाटली खाली ठेवली आणि सुनेला फोन लावला. आपणहून लावलेला हा पहिलाच फोन.

"काय वं मामा? बरं हाय न्हवं?" प्रियदर्शनी घाबरलीच.

"बरं हाय. सम्राट कुठवर गेलाय?"

"राजस्थानात हाय म्हणले सकाळी. का वं?"

"तुझ्याकडं खोबरेल तेलाची बाटली हाय का? बघ, कशी झालीया."

"आता तेल कशाला?" असं म्हणत ती आत गेल्याचं ऐकू आलं. "थिजलीया की."

"आता त्यात दुसरं तेल ओतलंस तर मिसळंल?"

"न्हाय. वरच ऱ्हाईल."

"आन् काल दुपारी पातळ असताना ओतलं असतंस तर?"

"मिसळलं असतं की."

"डिझेलचं बी तसंच, बाई. त्यात मेण असतंय. थंडी वाढली की मेणाचं कण हुत्यात, एकमेकाला चिकटत्यात आन् फिल्टर बुजवत्यात. थंडीचं औषध घातलं की त्ये कण मोठं हुईत न्हाईत. पर पातळ हाय तवर घालायचं. थिजल्यावर घालून उपेग न्हाय. कळलं?"

"कळलं."

"मग त्याला सांग. जम्मूच्या अलीकडं मोठ्या पंपावर बाटली घ्यायची. टाकीत आधी औषध, मग वरनं डिझेल, म्हंजे घुसळून निघतंय. माप बाटलीवर लिव्हलंय, तेवढंच. रॉकेल घाल म्हणून कोण सांगंल, तर घालू नगं म्हणावं, नव्या गाडीच्या इंजनाचा पंप जातोय. आन् टाकीखाली जाळ करायचा न्हाय. काय बी झालं तरी न्हाय."

"मामा, तुम्ही सांगितलंय म्हणलं तर ते ऐकायचं न्हाईत."

"माझं नाव कशाला घेतीस? उदयसिंह शेठनी सांगितलंय म्हण." उदयसिंह शेठ म्हणजे सम्राटच्या गाडीचे मालक.

"म्हंजे खोटं बोलू?"

"माझ्यापायी एक डाव बोल," जोतीराम म्हणाले. "पर आजच सांग."

फोन ठेवल्यावर ते खुर्चीत बसून राहिले. एखादी वस्तू स्वतःच्या हातानं विहिरीत टाकल्यासारखं त्यांना वाटलं. आता सम्राटची गाडी सुरू होणार आणि आपलं म्हणणं कायमचं बुडणार. तरी जेवण त्या दिवशी बऱ्यापैकी गेलं.

पुढचे दिवस लांब होते. सकाळी ते तलावाच्या बांधावर चक्कर मारत, येऊन भाकरी थापत, दुपारी टीव्हीवर काश्मीरचं हवामान बघत. प्रियदर्शनीचा एक निरोप आला होता, "सांगितलं", एवढाच. शुक्रवारी बातमीत काझीगुंडचा रस्ता दिसला. बर्फ पडून रस्ता बंद झाला होता आणि ट्रकांची लांबलचक रांग पांढऱ्यात उभी होती. त्यांनी टीव्हीजवळ जाऊन गाड्यांचे रंग बघायचा प्रयत्न केला. सगळ्या सारख्याच पांढऱ्या होत्या.

रविवारी दुपारी साडेबाराला ते जेवायला बसले आणि फोन वाजला. पडद्यावर सम्राटचं नाव होतं. हे नाव त्यांच्या फोनमध्ये होतं खरं, पण ते कधी उजळलं नव्हतं. त्यांनी उष्ट्या हातानंच फोन उचलला.

पलीकडं वारा होता, आणि वाऱ्यामागं इंजिनाची एकसारखी घरघर.

"आबा."

"बोल."

"येताना परत औषध घालाय लागतंय का?"

जोतीरामांनी घास गिळला. "घाटाच्या वर गाडी रातभर ठेवणार असलास तर लागतंय. टाकी निम्मी झाली की थोडं थोडं भरत जा. दरखेपी आधी औषध, मग डिझेल. एक फिल्टर जादा ठेव संगं. हातमोजं हायती का?"

"हायती." मग सम्राट म्हणाला, "शेठला काय म्हाईत थंडीचं? ते गगनबावड्याच्या पलीकडं गेलं न्हाईत कधी. प्रियाला खोटं बी धड बोलता येत न्हाय."

जोतीरामांनी ताट बाजूला सारलं.

"त्या दिवशी पंपावर पिशवीत तेच हुतं व्हय? आरशात दिसलासा मला तुम्ही."

"व्हय."

"मग हाक का मारली न्हाईसा?"

"जाणाऱ्याला मागनं हाक मारत्यात व्हय रं?"

सम्राटचा आवाज आता पहिल्यापेक्षा खाली आला. "शेजारी एक राजस्थानची गाडी उभी हाय. दोन दिस झालं सुरू न्हाय. त्या माणसानं मला टाकीचं झाकण काढून दावलं. तुपागत झालंय, आबा. त्यो टाकीखाली जाळ कराय निघालता. मी न्हाय करू दिला. माझ्या केबिनमध्ये बसवलाय त्याला. त्याच्या घरी कोण तरी आजारी हाय, सारखा फोन लावतोय आन् लागंना. आबा, तुम्ही तवा..."

आवाज तुटला. "हॅलो, हॅलो," जोतीराम दोन-तीनदा म्हणाले. फोन बंद झाला होता. त्यांनी परत लावला. लागला नाही. अर्ध्या तासानं पुन्हा लावला, तरी नाही. ताटातली भाकरी वाळून गेली.

"चार दिवस," ते भिंतीकडे बघून म्हणाले. "पाचव्या दिवशी ऊन पडलं." घरात ऐकायला कुणी नव्हतं, पण एवढं तरी वाक्य पुरं झालं.

फोन त्या दिवशी परत वाजला नाही. उन्हं कलायला लागली तेव्हा त्यांनी ताट धुतलं, खिळ्यावरची पिशवी उतरवून दोन्ही बाटल्या घट्ट बंद आहेत ना ते पाहिलं आणि पिशवी दाराजवळ, हाताशी येईल अशी अडकवली. मग चपला घातल्या. सम्राटला घरी यायला अजून आठ-नऊ दिवस होते आणि पुढची खेप त्यानंतर कधी, कुणास ठाऊक. तरी ते बसथांब्यापर्यंत चालत गेले आणि तिथल्या पानपट्टीवाल्याला विचारून आले, की शिरोलीकडं जाणारी सकाळची सगळ्यात पहिली गाडी किती वाजता सुटते.