पातेऱ्याखालची माती

ये रे, बस असा. चहा येईस्तोवर तुला काशीरामची गोष्ट सांगतो. मधेमधे हसू येईल, हस खुशाल. शेवट मात्र काही बरा नाही, आधीच सांगून ठेवतो.

काशीराम मिलमधला माणूस. ब्याऐंशीच्या संपात मिल गेली, मागोमाग चाळीतली खोलीही गेली. मग मढला एका बंगल्यात माळी म्हणून लागला. बंगला शूटिंगला भाड्याने जायचा. गेटजवळ एक खोली मिळाली, त्यात तो आणि बायको नलिनी. गावी भावाने चूल वेगळी केलेली. म्हणजे ही खोली सुटली की डोक्यावर आभाळच.

बंगल्यापुढे लॉन, लॉनच्या कडेला बदाम. चपलेएवढं एकेक पान. मालक श्यामसुंदरशेठला लॉनवर एक पान खपायचं नाही. पडलं की झाडून काढ, मागे नेऊन टाक, असं वर्षानुवर्षं. वरनं शूटिंगवाल्यांच्या ट्रॉल्या, दिव्यांचे खांब, नाचणाऱ्यांची फौज. जमीन अशी दगड झाली, की पाणी मारलं तर वरच्यावर वाहून गटारात. गवत विरळ होत चाललं, म्हाताऱ्याच्या टकलासारखं.

पावसाच्या तोंडावर शेठ आला.

"काशीराम, दसऱ्यानंतर मोठं शूटिंग आहे. लॉन हिरवागार पाहिजे. नाहीतर दुसरा माळी बघतो, आणि त्याला खोली लागेल. समजलास ना?"

समजला तो.  विचार करकरून त्याच्या मनाने घेतलं, की झाड टाकतं ते सगळं आपण उचलून नेतो, मग जमीन खाणार काय? गावाला त्याचा बाप आंब्याच्या बुंध्यात पातेरा घालायचा. पातेरा म्हणजे गळलेली पानं रे, कोकणात असंच म्हणतात. पावसात तो कुजायचा नि माती लोण्यासारखी व्हायची. झालं! पावसाळ्यात शेठ फिरकायचा नाही. काशीरामने मागचा ढीग टोपल्या भरभरून आणला आणि अख्ख्या लॉनवर गोधडीसारखा अंथरला.

नलिनी दारातून बघत होती. "आंब्याक घालतत ता ठीक. पण ह्यां गवत मां?"

"गप रव गो. ह्येंनी जमीन उपाशी ठेवल्यानी. खावंदे तिका पोटभर."

शेजारच्या बंगल्याचा वॉचमन अंबादास, जालन्याकडचा. गेटला टेकून म्हणाला, "काशीरामभाऊ, गवताला घोंगडं पांघरलं व्हय? थंडी वाजत होती का त्याला?"

"दसऱ्याला बघ. तुझी म्हैस आणशील चरायला."

"म्हैस असती तर इथं काठी घेऊन उभा राहिलो असतो का मी!"

पाऊस झोडपत राहिला. पानं भिजून एकमेकांना चिकटली, चामड्यासारखी. काशीराम रोज बदामाच्या बुंध्यापाशी जायचा, एक पान उचलायचा. खाली काळीभोर माती, बोट घातलं की आत, गांडुळं वळवळतायत. पोरासारखा खूश होऊन नलिनीला हाक मारायचा, आणि वर आणखी पातेरा घालायचा. पण बुंध्यापाशी सावलीत गवत मुळात नव्हतंच रे! जिथं होतं तिथलं पान त्याने उचललंच नाही. भाताचं झाकण मधेच काढू नये, तसं वाटायचं त्याला.

गणपती गेल्यावर त्याने पातेरा ओढला. आधी वास आला. खाली गवत पांढरं, बुळबुळीत, शिजलेल्या शेवयांसारखं. उजेड नाही, वारा नाही, गुदमरून मेलेलं. ऊन पडलं की फुटेल म्हणून दोघं रोज बघत राहिली. कडेला चार पाती आली, बस.

पण माती! मूठ दाबली तर गोळा, सोडली तर भुगा. दसऱ्याच्या तोंडावर शेठ आला, तेव्हा तीच मूठ काशीरामने त्याच्यापुढे धरली.

"माती बघा शेठ. आता काय लावाल ते धरेल. थोडे दिवस द्या."

"कॅमेऱ्याला माती दाखवू काय रे? वाट लावलीस माझी."

नवीन माळी आला. ट्रकमधून गवताच्या लाद्या आल्या. त्या सपाट बसाव्यात म्हणून आधी त्या काळ्या मातीवर रोलर फिरवला, टणक होईस्तोवर. काशीराम नि नलिनी ट्रंक घेऊन गेटात उभी होती. अंबादास पुढे आला. ट्रंक तेवढी उचलू लागला.

जोगेश्वरीत कुणाच्या तरी पोटमाळ्यावर राहिली दोघं. काशीराम मरोळच्या कारखान्यात खोकी भरायला जायचा. बाग म्हटली की मान फिरवायचा.

तुझ्या सोसायटीत लॉन आहे ना? मग एवढं कर बाबा. पानं फेकू नको, पण अख्खी थापूही नको. वाळली की पायाने चुरगाळ आणि पातळ भुरभुरव, गवताचे शेंडे वर दिसतील इतपतच. आणि मधेमधे वाकून त्या गवतात हात घालून बघत जा रे.