दांडीवरचा कोट

लॉन्ड्री बंद करायची, हे आम्ही भावंडांनी मिळूनच ठरवलं. भागीदार दोघंच, मी आणि माझा धाकटा भाऊ. कंपनी बरखास्त झाल्याचे कागद झाले, देणेकऱ्यांचं भागलं, बॉयलरलाही गिऱ्हाईक मिळालं.

वकीलबाईंनी बजावलं होतं, "आता फक्त निस्तरायचं. लोकांचे कपडे लोकांना द्या, उरेल ते वाटून घ्या. नवा रुमालसुद्धा धुवायला घेऊ नका. कंपनी होती म्हणून तुमच्या घराला आजवर धक्का लागला नाही. आता नवं काम घेऊन काही बिघडलं, तर ते थेट तुमच्या अंगावर येईल."

धाकट्याला 'नाही' म्हणता येत नाही, हा त्याचा जन्माचा रोग. समोरचा शिंपी पडदे घेऊन आला की याचे हात आपोआप पुढे. मी काउंटरला आडवी उभी राहून पडदे परत पाठवायचे.

"अक्का, पडदेच तर आहेत!"

"हो, पडदेच! धुऊन झाले की लावायला घर नको राहायला?"

एकेक करत दांडी मोकळी झाली. राहिला एक काळा कोट. त्याला ना चिठ्ठी, ना मालक. वकीलबाई फोन करून खोळंब्याचं कारण विचारायच्या, मी कोटाचं नाव सांगायचे. धाकटा मात्र खुशीत. रोज बॉयलर पेटवायचा, कोटाला वाफ द्यायचा आणि म्हणायचा, "परक्याची वस्तू आहे. थांबायलाच हवं."

परवा कोट झटकताना अस्तर उलटं झालं. खिशाखाली हिरव्या दोऱ्याचं रफू. काळा दोरा संपला म्हणून ते मीच हिरव्याने केलं होतं, धाकट्याच्या लग्नाच्या आदल्या दिवशी.

मी कोट काउंटरवर ठेवला. "मालक सापडला."

त्याने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान खाली घातली.

"घरी बसून काय करू, अक्का?"

"आधी बस तर खरं! जन्मभर उभाच आहेस."

त्याला हसू फुटलं. कोट चढवला, तर पोटावर बटण लागेना.

"आटला वाटतं."

"जाता जाता लॉन्ड्रीवर आळ घेऊ नकोस!"

मग त्याने बॉयलरची वाफ सोडली. केवढी शिट्टी वाजली! शिंपी पडदे काखेत मारून धावत आला. "चालू झालं का परत?"

धाकट्याने दोन्ही हात कोटाच्या खिशांत खुपसले.

"नाही हो," तो म्हणाला.

मी वकीलबाईंना फोन लावला.