वाळूवरच्या स्कीची तक्रार

मी स्की बोलतेय. बर्फावरून घसरत जाण्यासाठी पायाला बांधतात ना, ती लांब पट्टी. आम्ही दोघी जुळ्या. मी डावी. उजवी पहिल्यापासून मुकी, म्हणून बोलायचं माझ्याकडे आलं. आणि आधीच सांगते, आज मी गोड बोलणार नाही. सात वर्षं माझ्यावर एक आळ आहे. सात वर्षं मी तो गिळून उभी राहिले. आता पुरे.

माझा जन्म ऑस्ट्रियातल्या एका छोट्या कारखान्यातला. आत लाकडाचा गाभा, कडेला पोलादाच्या बारीक पट्ट्या, तळ काळा आणि गुळगुळीत. ज्याने मला घडवलं, त्याने शेवटी मला जमिनीवर ठेवून मध्यभागी हाताने दाबलं, सोडलं, आणि मी परत कमानीसारखी उठले तेव्हा मान हलवली. म्हणजे पास. मी खराब निघाले नव्हते, हे तेव्हापासून लक्षात ठेवा.

पुढे माझ्या पहिल्या मालकाला दुबईत नोकरी लागली. तो आम्हालाही सामानात घेऊन आला. कशाला, ते त्यालाच ठाऊक. जुमैराच्या त्याच्या बंगल्यात आम्ही चार वर्षं स्टोअरमध्ये कपडे वाळत घालायच्या स्टँडमागे काढली. बाहेर पंचेचाळीस डिग्री. मला वाटलं, संपलं आपलं.

मग शहाण्णव साली तो देश सोडून निघाला आणि त्याने घरातलं सामान विकायला अंगणात मांडलं. तिथे दत्तप्रसाद आला.

दत्तप्रसाद पुण्याचा. दुबईतल्याच अल क्वोजमधल्या एका फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये एस्टिमेटर, म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज काढणारा. कॉलेजात असताना गिर्यारोहणाच्या क्लबातून गुलमर्गला जाऊन त्याने स्कीइंगचे दोन कोर्स केले होते. त्याच भांडवलावर त्याला वाळवंटातल्या एका टुरिस्ट कॅम्पवर शुक्रवारचं शिकवण्याचं काम मिळत होतं. टेकड्या वाळूच्या, पण पायात स्कीच. अट एकच : शिक्षकाने स्की स्वतःच्या आणायच्या.

तिथे तीन जोड्या होत्या. एक झगझगीत, नवीकोरी. दत्तप्रसादने तिची किंमत विचारली आणि हात मागे घेतला. दुसरी मालकिणीची, आखूड. तिसऱ्या आम्ही. त्याने मला उभं केलं आणि स्वतःचा हात वर ताणला. माझं टोक बरोबर त्याच्या मनगटाला लागलं. मग आमचे दोन्ही तळ एकमेकांना लावून मधली फट डोळ्याजवळ धरून पाहिली. पोलादी कडेवरून नख फिरवलं. आणि शेवटी, मध्यभागी दाबून सोडलं.

माझ्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला तसं तपासत होतं! हा माणूस स्वस्त शोधत होता खरा, पण डोळे मिटून नाही. मला त्याने पारखून घेतलं होतं. हेही लक्षात ठेवा.

घरी शारजाला पोचल्यावर त्याच्या बायकोने, शोभनाने, दारातच विचारलं, "हे काय आणलंत?"

"स्की. दीडशे दिरहम फक्त."

"म्हणजे साडेचौदाशे रुपये! इथे नळाला उकळतं पाणी येतं, आणि तुम्ही बर्फाच्या फळ्या आणताय? पुण्याला फोनवर बोलू नका हं हे."

"अगं, वाळूवर चालवायच्या आहेत. उपेंद्रने काम दिलंय. आपला माणूस आहे तो."

हा उपेंद्र कॅम्पचा मॅनेजर. मुंबईचा, दादरचा. 'आपला माणूस' हे शब्द दत्तप्रसादच्या तोंडून मी पुढे फार वेळा ऐकले. आजही आठवले की माझ्या कडा तापतात.

नऊ वर्षांची ईशानी मात्र माझ्यावरून हात फिरवत म्हणाली, "बाबा, यू विल टीच मी?"

"सगळ्यात आधी तुला," तो म्हणाला.

वाळू ही काही बर्फ नव्हे. पहिल्याच दिवशी तिने माझा तळ ओरबाडला. दत्तप्रसादने आम्हाला वर्कशॉपमध्ये नेलं. तिथला सुतार नूरुद्दीन, गोरखपूरचा, आम्हाला पाहून हसत सुटला. "साब, इसमें कुंडी कहाँ लगेगी?" पण हसता हसता त्याने कपाटाच्या कामातून उरलेल्या सनमायकाच्या पट्ट्या मोजून कापल्या, सोल्यूशन लावून तळाला चिकटवल्या आणि क्लॅम्पमध्ये आवळून ठेवल्या. वरून मेणबत्ती घासली. पुढच्या शुक्रवारी मी वाळूवरून अशी निघाले की कॅम्पच्या नव्या प्लॅस्टिकच्या जोड्या मागे राहिल्या. स्वयंपाकघराच्या पट्ट्या अंगावर लावून घेतल्याची मला लाज वाटली नाही. काम होतं, ते करत होते.

दत्तप्रसाद शिकवायचा फार छान. ओरडायचा नाही. आधी वाळूत बसवून पडायला शिकवायचा, मग उठायला, मग चालायला. आणि प्रत्येकाच्या बुटाची पकड तपासायचा. ही पकड नीट समजून घ्या, कारण सगळं प्रकरण तिच्यावरच आहे. स्कीवर बूट अडकतो त्या पकडीला एक स्क्रू असतो. माणसाच्या वजनाप्रमाणे तो लावायचा. म्हणजे माणूस पडला की पकड उघडते, बूट सुटतो, पाय वाचतो. जड माणसासाठी आवळलेला स्क्रू हलक्या माणसाला सोडत नाही. माझा स्क्रू दत्तप्रसादच्या ब्याऐंशी किलोंसाठी आवळलेला होता.

जानेवारीतला शुक्रवार होता. सूर्य मावळायला टेकला होता. टुरिस्ट जास्त आले होते, जोड्या कमी पडल्या. एक आयरिश बाई राहिल्या होत्या, अंगाने बारीक. त्यांना मावळत्या सूर्यासमोर स्कीवरचा फोटो हवा होता. उपेंद्रने सरळ आम्हाला उचललं.

दत्तप्रसाद म्हणाला, "थांब, उपेंद्र. स्क्रू माझ्या वजनाचा आहे. सैल करतो, दहा मिनिटं दे. आणि त्यांना अजून पडायलाही शिकवलेलं नाही."

"दत्ताभाऊ, दहा मिनिटांत सूर्य कुठे असेल? बुफे लागलाय, गाड्या निघायच्यात. फोटोपुरतं उतरतील. यल्ला, चल लवकर!"

"मोठ्या टेकडीवरून नको रे."

"तू मला शिकवू नकोस. टुरिस्टांना शिकव."

आणि त्याने स्वतःच्या हाताने त्या बाईंचा बूट माझ्यात दाबून बसवला. खट्ट. त्या हसून दत्तप्रसादकडे पाहत होत्या. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मला त्याचा पहिला राग आला तो तिथे. ओरड ना रे! एरवी ओरडत नाहीस ते ठीक, पण आता ओरड!

बाई मोठ्या टेकडीवरून निघाल्या आणि निम्म्या उतारावर तोल जाऊन पडल्या. मी वाळूत रुतले. बूट सुटायला हवा होता. मी जीव तोडून सोडायचं म्हटलं तरी माझ्या हातात काय होतं? स्क्रू आवळलेला. पाय माझ्याबरोबर पिरगळला. नडगीचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो कसा असतो, ते मी सांगणार नाही.

अँब्युलन्स गेली. पोलीस यायचे होते. तंबूच्या मागे उपेंद्रने दत्तप्रसादला दंडाला धरलं. आम्ही दोघी वाळूत आडव्या पडलो होतो.

"हे बघ," उपेंद्र म्हणाला, "तुझा व्हिसा फर्निचरवाल्यांचा. दुसरीकडे काम करताना सापडलास तर व्हिसा कॅन्सल, वर बॅन. बायको-पोरीसकट घरी. तेव्हा तू इथे काम करत नाहीस. तू पाहुणा. स्की तुझ्या. त्या बाईंनी हौसेने मागितल्या, तू दिल्यास. स्की जुन्या, खराब निघाल्या. खलास."

"पण स्क्रू..."

"स्क्रूचं नाव काढलंस तर तो कुणी बघायला हवा होता, हे विचारतील. आणि मी म्हणेन, तूच बघायचास. आपला माणूस आहेस म्हणून वाचवतोय."

पोलीस आला. त्या दिवशी बाबांबरोबर कॅम्पवर आलेली ईशानी वडिलांच्या शर्टाचं टोक धरून उभी राहिली. पोलीस तरुण होता, सभ्य होता. त्याने हिंदीत विचारलं, "ये किसका है?"

"मेरा," दत्तप्रसाद म्हणाला.

"कैसे हुआ?"

दत्तप्रसादने माझ्याकडे पाहिलं. मग वर मान करून म्हणाला, "पुराना है, साब. सस्ते में लिया था. खराब था."

ज्याने मला मनगटाशी मोजून घेतलं होतं, त्याचे हे शब्द. मी मोडले असते तर बरं, असं मला त्या दिवशी वाटलं.

प्रकरण मिटलं. त्या बाईंनी कुणाविरुद्ध तक्रार केली नाही. उपेंद्रने पुढच्या शुक्रवारी दुसरा शिक्षक आणला आणि पुन्हा फोन केला नाही. आपला माणूस!

आम्ही बाल्कनीत आलो. आणि मला जे सर्वांत जास्त लागलं ते इथून पुढचं आहे. ईशानीने त्या दिवशी वडिलांचं बोलणं ऐकलं होतं आणि खरं मानलं होतं. का मानणार नाही? बाबांनी पोलिसांना सांगितलं होतं. ती पुन्हा माझ्याजवळ आली नाही. शिकायचं नाव तिने काढलं नाही. सायकल घ्यायची वेळ आली तेव्हा म्हणाली, "चीप नको हां, बाबा. त्या स्कीसारखी." कॉम्प्युटर घेताना तेच. मैत्रिणींना सांगायची, "माय डॅड बॉट धिस जंक अँड अ लेडी ब्रोक हर लेग." हसायच्या सगळ्या. दत्तप्रसाद आत पेपर वाचत बसलेला असायचा. पान उलटायचं नाही.

त्याची मला दया येत होती का? येत होती. माणूस वाईट नव्हता. पण दया आली म्हणून राग जातो असं थोडंच आहे? पोलिसासमोर खोटं बोललास, ते मी समजू शकते. भीती मोठी होती. पण घरात तुला कोण पकडणार होतं? स्वतःच्या लेकीला सांगायला कुठला व्हिसा लागतो?

अशी सात वर्षं गेली. दोन हजार चार साली ईशानीला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि त्यांनी सगळ्यांनीच परत जायचं ठरवलं. काल सकाळी खोके बांधणं चाललं होतं. कार्गोवाला टेप लावत होता. शोभना म्हणाली, "बाल्कनीतल्या त्या फळ्यांचं काय करायचं?"

"सोडा त्या, बाबा," ईशानी म्हणाली. "खराब आहेत. एकीचा पाय मोडलाय त्यांनी."

दत्तप्रसाद बांधलेल्या खोक्यावर बसला. म्हणाला, "त्या खराब नव्हत्या, ईशू."

"व्हॉट?"

"स्क्रू माझ्या वजनाचा होता. मला ठाऊक होतं. मी सांगितलं, उपेंद्रने ऐकलं नाही, आणि मी बाजूला झालो. पोलिसाला खोटं सांगितलं."

ईशानीने हातातला मार्कर खाली ठेवला.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू नऊ वर्षांची होतीस."

"आणि दहाची झाले तेव्हा? पंधराची झाले तेव्हा? मी सगळ्यांना सांगत फिरले, बाबा! तुम्ही ऐकत होतात!"

"तुझी शाळा होती. आपण इथून जाऊ नये म्हणून..."

"माझ्यावर नका टाकू. प्लीज. एवढं तरी नका."

शोभना मधे पडायला निघाली होती, ती थांबली. मी बाल्कनीत उभी होते आणि सात वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, माझा राग एकटीचा नाही.

कार्गोवाला म्हणाला, आमची लांबी त्याच्या खोक्यात बसणार नाही. दत्तप्रसाद उठला, पण ईशानीने त्याला हात लावू दिला नाही. तिने स्वतः आम्हाला खांद्यावर घेतलं आणि लिफ्टने खाली, बिल्डिंगमागच्या कचऱ्याच्या मोठ्या डब्यापाशी आणलं. मला वाटलं, फेकणार. तिने भिंतीला नीट टेकवून उभं केलं. पुठ्ठ्याचा तुकडा फाडला, त्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं आणि टेपने माझ्या छातीवर चिकटवलं : 'चांगल्या आहेत. न्या. आधी स्क्रू बघा.' मग परत वर गेली. वडिलांशी बोलली की नाही, मला माहीत नाही. आज पहाटे टॅक्सी आली आणि ते गेले.

त्या पुठ्ठ्याने माझ्यावरचा आळ गेला, पण राग निवलेला नाही. त्या बाईंचा पाय थंडीत अजून दुखत असेल. उपेंद्रचा कॅम्प चालू आहे, सूर्य रोज मावळतो आणि कुणाला ना कुणाला फोटो हवा असतो.

जाणाऱ्या-येणाऱ्यांनो, मला नेऊन भिंतीवर लावा, फळी करा, मुलाला वाळूवर खेळायला द्या, माझी काही ना नाही. पण वाचता येत असेल तर माझ्यावरचं वाचा. आणि घाईत असाल, तर मला हात लावू नका.