हात सैल सोड

त्या दिवशी माझी जीभ का झडली नाही, देव जाणे.

कंपनीची पिकलबॉल स्पर्धा होती, छोट्या कोर्टवरचं टेनिसच म्हणा. मी क्वालिटीतला सुजित, रावेतच्या सोसायटीत दोन वर्षं खेळून स्वतःला फार शहाणा समजणारा. जोडीदार म्हणून चिठ्ठीत निघाला चिमाजी. राजगुरुनगरकडचा गडी, सात वर्षं हँड ग्राइंडरनं लोखंड घासणारा, तरी अजून कंत्राटीच. पुढच्या महिन्यात पर्मनंटच्या यादीत त्याचं नाव लागणार होतं. पेढे कुठून आणायचे ते त्याच्या बायकोनं, दीपमालानं, ठरवूनसुद्धा ठेवलं होतं.

पठ्ठ्या बॅट मुठीत आवळायचा आणि प्रत्येक बॉल फोडायचा. मी वैतागायचो. समोरचे जोरात मारतात तेव्हा आपण जोर काढून घ्यायचा, बॅट नुसती आडवी धरायची, बॉल नेटपलीकडे अलगद टाकायचा, म्हणजे त्यांची घाई जिरते, हे त्याला शंभरदा सांगितलं. तो मान हलवायचा आणि पुन्हा फोडायचा. डोक्यात काही शिरतच नाही याच्या, असं मी घरी बोललोसुद्धा.

फायनलला आम्ही मागे पडलो. प्लँट हेड, एचआरच्या मॅडम, सगळे खुर्च्या टाकून बसलेले. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "चिमाजी, हात सैल सोड. एकदा तरी माझं ऐक."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि ऐकलं. पहिला बॉल काय सुरेख टाकला त्यानं. दुसरा जोरात आला, बॅटवर आदळला आणि बॅट हातातून निसटून मागे पडली. बॉल मात्र पलीकडे जाऊन परत आला. तो घ्यायला चिमाजीनं रिकामा हात फिरवला. बॅट हातात नाही, हे त्याला कळलंच नव्हतं.

लोक पोट धरून हसले. मीही हसलो, नालायक. एकट्या एचआरच्या मॅडम हसल्या नाहीत.

सोमवारी त्यांनी चिमाजीला कंपनीच्या डॉक्टरकडे पाठवलं. ग्राइंडरच्या थरथरीनं त्याची बोटं कधीच बधिर झाली होती. यादी लागेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, एवढंच त्यानं ठरवलं होतं. यादीतून नाव गेलं आणि आठवड्याभरात गेटपासही काढून घेतला.

मी त्याच्या घरी गेलो. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. दीपमालानं चहा दिला आणि ती आत गेली. चिमाजीनं कप खाली ठेवला आणि हाताकडे पाहिलं.

"हळू खेळायचं मला बी कळत व्हतं, राव," तो म्हणाला. "पन आवळून धरलं की पार खांद्यापत्तुर वडायचं. तवा समजायचं, बॅट हाय हातात. सैल सोडलं की मला कायच न्हाई."