गाइडातल्या मराठीत बोलणारी वच्छलाबाई

आपल्या शिकवणीला येऊन इंग्रजीत नापास झालेला एक पोरगा दाखवा, असं पंजाबराव सर पांढरकवड्यात कुणालाही ऐकवत. तसे चार-दोन निघाले असते, पण सरांच्या तोंडावर बोलणार कोण? शाळेतून रिटायर झाल्यावरही त्यांच्या ओसरीवर संध्याकाळी दहावीची पोरं बसत आणि गाइडातल्या इंग्रजी वाक्प्रचारांचा पाढा म्हणत. इंग्रजी अर्धं सरांनी म्हणायचं, मराठी अर्धं पोरांनी. "टू अॅड फ्युएल टू द फायर?" "आगीत तेल ओतणे." "टू बीट अबाउट द बुश?" "आडवळणाने बोलणे." एकतीस वर्षं तोच पाढा आणि तोच क्रम, कारण क्रम मोडला की सरांनाच पुढचं आठवत नसे.

आत त्यांची बायको, वच्छलाबाई, तुरी निवडता निवडता हे सगळं ऐकत असे. बाई चौथी शिकलेली. इंग्रजी अक्षराशी तिची ओळख नाही, पण जिभेला भारी धार. "तो गोरा झुडपाभवती काठी कायले आपटते?" असं तिनं एकदा, सरांनी पोरांना त्याचा शब्दशः अर्थ सांगितला तेव्हा, विचारलं होतं. सरांनी अर्धा तास समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "म्हंजे तुमच्यावानीच झालं की. सरळ सांगनं म्हनून नाई."

त्या वर्षी पोळा झाला आणि आठव्या दिवशी वच्छलाबाईला लकवा मारला. उजवा हात गेला, पाय ओढू लागला, आणि ती धारदार जीभ पार गप्प झाली. यवतमाळचे डॉक्टर म्हणाले, बोलणं यायचं असेल तर पहिल्या तीन-चार महिन्यांत येईल. पुढचं भरवशाचं नाही.

सरांना शिकवण्यापलीकडे काही येत नव्हतं, म्हणून त्यांनी बायकोला शिकवायला घेतलं. पुठ्ठ्यावर तांब्या, गाय, चमचा अशी चित्रं चिकटवली आणि तिच्यासमोर धरली. "हे काय? म्हन, तांब्या." तिचे ओठ हलत, घशातून नुसता आवाज निघे. सर पुन्हा विचारत, मग जरा चढ्या आवाजात विचारत. चाळीस वर्षं घरचा तांब्या घासलेल्या बाईला तो ओळखायला लावतो आहोत, हे त्यांच्या ध्यानातच येत नसे. एक दिवस तिनं भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे पुसले. तेव्हा कुठं पुठ्ठे माळ्यावर गेले. सरांना स्वतःची फार लाज वाटली.

शिकवणीही बंदच पडली होती. ती वर्षं कापसाला वाईट गेली. पराटीची झाडं वाळून चाललेली, भाव पडलेला. दहावीची पोरंसुद्धा घरच्यांबरोबर वेचणीला जाऊ लागली. काही घरांतला कर्ता माणूसच गेला. शिकवणी बंद पडायच्या आधी ओसरीवर एखादी जागा रिकामी दिसली तर ती का रिकामी, हे विचारणं सरांनी सोडून दिलं होतं.

शेजारची तानाबाई वेचणीला जाण्याआधी पहाटे येऊन वच्छलाबाईला आंघोळ घालून जाई. सरांनी खिचडी शिकून घेतली, गोळ्या वेळेवर देऊ लागले. अडलं ते केसांपाशी. कमरेपर्यंतचे केस, त्यांचा पार गुंता झाला. "कापून टाका ना सर," तानाबाई म्हणाली, "मले वेळ भेटत नाई." सरांनी कात्री आणली. पण वच्छलाबाईनं डावा हात डोक्यावर घट्ट धरला, तसे ते कात्री ठेवून ओसरीवर जाऊन बसले.

उमरखेडहून त्यांची मुलगी उर्वशी सारखी फोन करी. "बाबा, आईले माह्याकडं राहू द्या. तुमच्याच्यानं होत नाई." होत नव्हतं, हे खरंच होतं. संक्रांतीनंतर उर्वशीनं येऊन आईला घेऊन जावं, असं ठरलं. वच्छलाबाईला कुणी विचारलं नाही. जिला उत्तर देता येत नाही तिला काय विचारायचं, असं सगळ्यांनी धरून चाललं.

जानेवारी लागला आणि नयन व प्रेरणा या दहावीच्या दोघी मुली दारात उभ्या राहिल्या. वेचणीनं दोघींची बोटं खरचटलेली. "सर, परीक्षा आली. नुसते वाक्प्रचार तरी घ्या." सरांना नाही म्हणवेना. त्यांनी ओसरीवर सतरंजी टाकली आणि पाढा सुरू केला.

"टू लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड?"

मुली अडखळल्या. आणि आतल्या खोलीतून जड पण स्वच्छ आवाज आला, "फजिती होणे."

"चूक," सर म्हणाले. "ते पुढच्याचं हाये. याचं जंग जंग पछाडणे."

मुली सरांकडे बघत राहिल्या. मग सरांच्या हातातला खडू खाली पडला. चार महिन्यांनी बायको बोलली आणि आपण तिला चूक दिली. ते धोतराचा सोगा सावरत आत धावले. वच्छलाबाई खाटेवर बसली होती आणि स्वतःच्याच आवाजानं दचकली होती. "टू कट अ सॉरी फिगर?" सरांनी धापा टाकत विचारलं. "फजिती होणे," ती म्हणाली आणि रडू लागली. सरही रडले. दोघी मुली दारात उभ्या राहून वह्यांनी तोंड झाकत होत्या.

त्या दिवसापासून घरात पुन्हा आवाज आला. सकाळी चहाबरोबर सर पाढा धरत, ती अर्थ सांगे. "टू मेक बोथ एंड्स मीट?" "तोंडमिळवणी करणे." जन्मभर 'मले-तुले' करणारी बाई आता गाइडातलं शुद्ध मराठी बोलत होती. तेवढंच बोलत होती. भूक लागली का, पाय दुखतो का, असं विचारलं की पुन्हा चिडीचूप. सरांना तिची ती वऱ्हाडी सारखी आठवे.

"बाबा, ते रेडिओवानी हाये," उर्वशी फोनवर हळूच म्हणाली. "समजून नाई बोलत आई." घोकलेलं आणि समजलेलं यांतला फरक सरांइतका कुणाला ठाऊक? त्यांनी हजारो पोरं नुसत्या घोकण्यावर पास केली होती.

संक्रांत झाली. उर्वशी जीप घेऊन आली. तिनं आईच्या साड्या पिशवीत भरल्या, गोळ्यांचा डबा घेतला. सर खांबाला टेकून उभे होते. मनातून त्यांना ओरडावंसं वाटत होतं की नेऊ नका हिला, मी या घरात एकटा काय करू? तोंडानं मात्र ते म्हणत होते, "सडक खराब हाये. अंधार पडाच्या आत निघा."

"ऐकून न ऐकल्यासारखे करणे," वच्छलाबाई म्हणाली.

कुणीच पाढा धरला नव्हता. दोघंही थांबले. तिनं उर्वशीकडे पाहिलं, मग सरांकडे, आणि चांगल्या डाव्या हातानं साड्यांची पिशवी खाटेखाली लोटून दिली. तिच्या कपाळावर घाम आला होता. शब्द हुडकताना ओठ वेडेवाकडे होत होते, पण तिनं कुणाकडून इंग्रजी अर्ध्याची वाट पाहिली नाही.

"सुखदुःखात," ती म्हणाली. दम घेतला. "साथ. न सोडणे."

आणि तिनं सरांचं मनगट धरलं.

उर्वशी खाली बसली. "आई, तुले यायचंच नाई का व?" तिनं विचारलं, आणि उत्तराची गरज उरली नाही म्हणून आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. सरांना कितीतरी बोलायचं होतं. थ्रू थिक अँड थिन हे त्याचं इंग्रजी अर्धं त्यांनी किती पोरांना शिकवलं याचा हिशेब नव्हता, पण घरात त्याच्या आसपासचं एक वाक्यही ते कधी बोलले नव्हते.

"उर्वशी," शेवटी ते म्हणाले, "तुही आई इथंच राहीन. तू मले वेनी घालाले शिकव."

उर्वशीनं डोळे पुसले आणि फणी आणली. आधी तेल, मग खालून गुंता सोडवायचा, वरून नाही, हे तिनं दोनदा करून दाखवलं. सर खाटेवर बायकोच्या मागं बसले. हातात जन्मभर खडू आणि छडी. केसांची बट धरावी कशी, तेच कळेना. त्यांनी श्वास रोखला आणि फणी ओढली.

"हळू ना वो," वच्छलाबाई म्हणाली.

सरांनी फणी थांबवली. हे कुठल्याच गाइडात नव्हतं.