पेट्रिशियाच्या दारातला नळ

एल्रॉयने बापाच्या हातातला अर्ध्या इंचाचा पाइप ओढून घेतला आणि अंगणात वाळणाऱ्या जाळ्यावर भिरकावला.

"हा नको, डॅडी. इंचाचा आणा. विहीर इथे खाली आणि पेट्रिशिया आंटीचं घर पार चढावर, चर्चच्या मागे."

ऑगस्टीन डोळे बारीक करून ऐकत होता. बहिणीशी तो कित्येक वर्षं बोलला नव्हता. पण विहीर दोघांच्या बापाची. मरताना आईने फादरांसमोर त्याच्याकडून वचन घेतलं होतं, की पेट्रिशियाच्या दारापर्यंत पाण्याची लाइन टाकीन.

एल्रॉय अंधेरीच्या एका कंपनीत पाइपलाइनचे हिशेब करायचा. रविवारी गोराईला आला की त्याला घरातल्या माणसांची कीव यायची.

"पाणी पाइपाला आतून घासत जातं. तेवढंच पाणी निम्म्या पाइपातून न्यायचं म्हटलं तर घर्षण दुप्पट नाही, बत्तीसपट होतं. कळतंय? जाऊ दे, कुठून कळणार!"

"म्हणजे पोचणारच नाय?"

"थेंब थेंब टपकेल. पंप केवढासा तुमचा!"

"नक्की?"

"रोजचं काम आहे माझं. मासे नाही मोजत बसत."

ऑगस्टीन हसला. पाइप उचलून, झटकून आत घेऊन गेला. एल्रॉयने कपाळाला हात लावला आणि मोबाइल काढला.

पुढच्या रविवारी पेट्रिशियाच्या दारात शेजारीपाजारी जमले. फादरांनी नव्या नळावर आशीर्वाद म्हटला. तिने कळशी धरली. ऑगस्टीन पंप सुरू करून चढ चढून वर आला. नळ खोकला, फुसफुसला, मग एक थेंब पडला. बऱ्याच वेळाने दुसरा.

एल्रॉयने मातीतून वर आलेल्या पाइपाकडे पाहिलं. अर्ध्या इंचाचा.

"लाइन टाकली, फादर. आईला दिलेला शब्द पाळला," ऑगस्टीन म्हणाला. "आता पाणीच आत घासतं, त्याला मी काय करू? बत्तीसपट! पोराला विचारा. इंजिनीअर हाय."

सगळे एल्रॉयकडे वळले.

"खरं काय रे?" पेट्रिशियाने विचारलं.

"हो, आंटी. या पाइपातून नाही येणार. मी डॅडींना सांगितलं होतं..."

ऑगस्टीनने कौतुकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

पेट्रिशियाने भावाकडे पाहिलं, मग भाच्याकडे. भाच्याकडे जरा जास्तच वेळ.

"चांगला शिकलास, बाबा," ती म्हणाली, आणि नळ घट्ट बंद केला.