‘मी’ न म्हणणाऱ्या बाईंचा तराजू

मित्रांनो, मी औषधांच्या कारखान्यातला जुना तराजू आहे. मी काचेच्या पेटीत राहतो. मला घडवणाऱ्यांनी माझी दांडी इतकी हलकी केली होती, की कागदावर पेन्सिलीने सही केली तरी तिचे वजन मला कळे. मी आलो तेव्हा सगळा तपासणी विभाग मला पाहायला जमला होता.

पुढे एकोणीस वर्षे मला एकाच बाईंनी वापरले. वाऱ्याने दांडी हलू नये म्हणून पेटीचे दार लावेपर्यंत त्या श्वास रोखून धरत. मग वहीत लिहीत, ‘वजन घेतले.’ कोणी घेतले, हे लिहायची रीत नव्हती. एकदा लहान मुलांच्या गोळ्या जड भरल्या. बाईंनी त्या तीनदा तोलल्या आणि सगळा माल थांबवला. वहीत लिहिले, ‘फरक आढळला.’

यंदा आमचा विभाग बंद करायचे ठरले. संशोधन विभागात एकच जागा होती. ती मिळाली नाही, तर बाईंची नोकरी जाणार होती. जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्यासमोर मुलाखतीची तयारी करू लागल्या. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण साहेब होई.

“गोळ्यांतला दोष कोणी पकडला?”

“आम्ही.”

“आम्ही म्हणजे? तू आणि हा तराजू?”

“अगं, सारखं मी मी करायला कसंतरीच होतं.”

“मग बस घरी! म्हण, मी पकडला.”

चौथ्या दिवशी ते जमले. दोघी खूप हसल्या.

मुलाखतीहून परतल्यावर बाई माझी काच पुसत राहिल्या.

“विचारलं का गं ते?” मैत्रीण म्हणाली.

“हो. समोर आपलेच साहेब होते. तोंडातून ‘आम्ही’च निघालं. तर ते म्हणाले, ‘बरोबर, तेव्हा मीच लक्ष घातलं होतं.’”

“आणि तू?”

“होकारार्थी मान हलवली.”

जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. आता माझ्या पेटीवर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी आहे. दांडीवर धूळ साचते आहे, आणि ती किती, हे मला अचूक कळते.

मित्रांनो, तराजूची काच पुसत जा. आणि वहीत काम लिहाल, तेव्हा करणाऱ्याचे नावही लिहा. माझी वही इथेच पडून आहे. शेवटच्या दिवशी बाईंनी तिच्यात लिहिले, ‘तराजू स्वच्छ केला.’

कोणी, ते लिहिलेले नाही.